सावता माळी

संत सावता माळी (जन्म : इ.स. १२५०, समाधी : १२ जुलै १२९५) हे यादवकाळातील वारकरी संतकवी होत. ज्ञानेश्वर आणि नामदेव यांच्या मांदियाळीतील वयाने ज्येष्ठ संतांत त्यांची गणना होते. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले अरण हे त्यांचे गाव. जन्म, संसार आणि समाधी ही तिन्ही तेथेच. फुले, फळे व भाजीपाला पिकविणे हा त्यांचा वडिलोपार्जित व्यवसाय होता आणि तो त्यांनी अखेरपर्यंत केला. मळा हेच आपले पंढरपूर, असे त्यांनी मानले. त्यांचे ३७ अभंग आज उपलब्ध आहेत.

घराणे

सावतोबांचे आजोबा देवू माळी मूळचे औसे येथील. तेथून ते अरण परिसरात येऊन स्थायिक झाले. त्यांना पुरसोबा आणि डोंगरोबा असे दोन पुत्र होते. पुरसोबा शेतीबरोबर भजन-पूजन व पंढरीची वारी करीत. त्यांचा विवाह सदू माळी यांची कन्या नांगिताबाई हिच्याशी झाला आणि या दांपत्याच्या पोटी शके ११७२ मध्ये सावतोबांचा जन्म झाला. म्हणजे विठ्ठलभक्ती आणि मळा या दोन्ही गोष्टी त्यांना वारशानेच मिळाल्या. सावतोबांनी जवळच्या भेंड गावातील जनाई हिच्याशी विवाह केला. त्यांना विठ्ठल आणि नागाताई अशी दोन अपत्ये झाली. याहून अधिक कौटुंबिक तपशील विश्वसनीय स्वरूपात मिळत नाही. पुढील चरित्रकारांनी जी भर घातली आहे, ती बहुतांशी भक्तिभावाची आहे.

काळाची चौकट मात्र स्पष्ट आहे. देवगिरीला १२७१ पासून रामचंद्रदेव यादव राज्य करीत होता. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराला दान देणाऱ्यांची नोंद असलेला प्रसिद्ध चौऱ्याऐंशीचा शिलालेख शके ११९५ च्या सुमाराचा, म्हणजे सावतोबांच्या ऐन तारुण्यातला. मंदिर भरभराटीला येत होते, यात्रा वाढत होती. देवाची नित्यपूजा म्हटली की फुले आणि तुळस रोज ताजी लागणार, आणि ती कोणी तरी पिकवून, पहाटे खुडून आणून दिल्याशिवाय गाभाऱ्यापर्यंत पोहोचणार नाहीत. माळ्याच्या व्यवसायाचे तत्कालीन समाजातील स्थान या साध्या गरजेवर उभे होते.

मळा

अरणचा प्रदेश कमी पावसाचा आहे. अशा ठिकाणी बारमाही फुले आणि भाजी पिकवायची तर विहीर हवी आणि विहिरीवर मोट हवी. आजच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी मोट पाहिलेली नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगणे योग्य होईल. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिला खालच्या बाजूला सोंड असते. बैलांच्या जुवाला बांधलेला जाड दोर तो नाडा, आणि सोंडेला बांधलेली बारीक दोरी ती सोंदूर. बैल उतारावरून, म्हणजे धावेवरून, खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते. सोंड थारोळ्यात मोकळी होते आणि पाणी पाटाने वाफ्यांकडे धावते. बैल मागे सरकले की मोट पुन्हा विहिरीत उतरते. एक माणूस मोट हाकतो, दुसरा वाफ्यांची तोंडे फोडतो आणि बांधतो. हे काम दिवसच्या दिवस चालते, आणि त्यात गाण्याला भरपूर जागा असते. मोट, विहीर आणि नाडा हे शब्द सावतोबांच्या अभंगात आले ते दृष्टांत म्हणून शोधून आणलेले नव्हेत. ते त्यांच्या हातातलेच होते.

त्या मळ्यात कोणती फुले असतील? समकालीन यादी उपलब्ध नाही, परंतु वनस्पतींच्या इतिहासावरून काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. सावतोबांच्या आजच्या तसबिरींत गळ्यात झेंडूची माळ असते आणि मागे झेंडूचे ताटवे दिसतात. ते शक्य नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोचा; पोर्तुगीज आल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे, तो आपल्याकडे रुजला. निशिगंधही तिकडचाच. देवळांच्या आवारात हमखास दिसणारा, चिकाचा पांढरा चाफा अमेरिकेतून आला. तेराव्या शतकातील माळ्याच्या हाताखाली होते ते मोगरा, जाई, जुई, सोनचाफा, कण्हेर, पारिजातक, बकुळ, पाणथळ जागी कमळ, आणि सुगंधी पाल्यासाठी तुळस, दवणा व मरवा. आज ज्यांना परसबागेत पूजेपुरती फुले हवी असतात, त्यांनाही ही जुनी यादी पुष्कळशी पुरेशी आहे.

या झाडांची कामे वर्षभर विभागलेली असतात. मोगऱ्याला हिवाळ्यात पाणी तोडून विश्रांती द्यावी लागते. मग छाटणी, खत आणि पुन्हा पाणी. छाटणीनंतर येणाऱ्या नव्या फुटीवरच कळ्या धरतात, म्हणून जो छाटायला कचरतो त्याला फुले कमी मिळतात. उन्हाळा मोगऱ्याचा, पावसाळा जाई-जुईचा, पावसाळ्याचा शेवट पारिजातकाचा. दवणा थंडीत वाढवून चैत्रातील देवकार्यांसाठी राखावा लागतो. तुळशीच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या नाहीत तर झाड बियांकडे वळते आणि पाने विरळ होतात.

खुडणीचा नियम सगळ्यांना एकच : ऊन चढण्यापूर्वी. मोगरा आणि जाई टपोऱ्या कळीच्या अवस्थेत काढतात, म्हणजे देवाच्या अंगावर किंवा वेणीत ती उमलते. काढलेल्या कळ्या ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात ठेवतात आणि केळीच्या सोपटाच्या धाग्यात गुंफतात. ओलसर सोपट फुलाला कापत नाही. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये, हा संकेत. त्याला अपवाद पारिजातक आणि बकुळ, कारण ही फुले आपणहून गळतात. एवढे करूनही सकाळची फुले संध्याकाळपर्यंत कोमेजतातच, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माळी पुन्हा ताटव्यात उभा असतो. या व्यवसायात सुटी नसते.

वारी

सावतोबा पंढरपूरला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. अरणहून पंढरपूर पायी एका दिवसात गाठता येईल इतके जवळ, वडील वारकरी, आणि स्वतः निस्सीम विठ्ठलभक्त. तरी ते गेले नाहीत. भाविक याचा अर्थ असा लावतात की त्यांना मळ्यातच विठ्ठल दिसत होता. अर्थ बरोबर आहे, परंतु त्याला एक व्यावहारिक बाजूही आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. आषाढीच्या सुमारास जाई-जुई बहरात असतात, भाजीची लावणी चालू असते. कार्तिकीला पाऊस संपलेला असतो आणि सगळा भार मोटेवर येतो. कोरडवाहू शेतकरी पेरणी उरकून वारीला निघू शकतो. बागायत माळ्याने चार दिवस पाठ फिरवली तर वाफे सुकतात आणि न खुडलेल्या कळ्या झाडावरच फुलून वाया जातात. देवाला लागणारी फुले पिकविणाऱ्यालाच देवाच्या दारी जायला सवड नाही, अशी ही परिस्थिती होती. सावतोबांनी ती गाऱ्हाणे म्हणून मांडली नाही. देव मंदिरात आहे आणि मळा त्याच्यापासून दूर आहे, हा समजच त्यांनी नाकारला.

अभंग

सावतोबांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, असे मानले जाते. गावगाड्यात माळी फुले पुरविणारा आणि गुरव ती देवाला वाहणारा. या दोघांची जोडी अभंगांच्या जतनातही दिसावी, ही लक्षात राहण्यासारखी गोष्ट आहे. एवढ्या थोड्या रचनांवरही सावतोबांचे स्थान टिकून आहे, ते त्यांच्या भाषेमुळे. स्वतःच्या व्यवसायातील शब्द, हत्यारे आणि पिके त्यांनी थेट भक्तिकाव्यात आणली. गोरोबा, नरहरी सोनार, सेना न्हावी या संतांनीही आपापल्या कामातून रूपके घेतली; पण सावतोबांच्या बाबतीत रूपक आणि वस्तू यांतील अंतर फारच कमी आहे.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध अभंग फुलांवर नाही, भाजीवर आहे. त्यात कांदा, मुळा आणि इतर भाजी हीच आपली विठाई असल्याचे ते सांगतात. लसूण आणि कोथिंबिरीतही त्यांना हरी दिसतो. येथे एक मुद्दा निसटू देता कामा नये. मोगरा, कमळ, तुळस ही देवाला प्रिय मानलेली. त्यांत देव पाहणे सोपे होते. कांदा आणि लसूण मात्र धर्मशास्त्राने निषिद्ध ठरविलेले, नैवेद्यात वर्ज्य. ज्याच्या मळ्यात शेजारशेजारच्या वाफ्यांत मोगराही आहे आणि कांदाही आहे, आणि दोन्हींना एकाच विहिरीचे पाणी जाते, त्याने देव पाहिला तो कांद्यात. शुद्ध-अशुद्धाची उतरंड मोडण्याचा हा प्रकार आहे आणि तो कोणताही वाद न घालता केलेला आहे. जातीच्या उतरंडीविषयीची त्यांची भूमिकाही याच वळणाची दिसते. हीन समजल्या जाणाऱ्या जातीत जन्म झाला हे बरेच झाले, नाहीतर कर्मकांडाच्या जंजाळात सापडलो असतो, अशा आशयाची रचना त्यांच्या नावावर आहे.

याच अभंगाच्या प्रचलित पाठात मिरचीही येते. मिरची हेही अमेरिकेतून आलेले पीक. सावतोबांनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी ते या देशात पोहोचले. त्यावरून अभंगच उत्तरकालीन ठरविण्याची घाई करू नये. शतकानुशतके तोंडी गायिलेल्या रचनेत गाणाऱ्याच्या मळ्यातले नवे पीक शिरणे स्वाभाविक आहे, आणि तसे झाले असावे असे मानणेच अधिक सयुक्तिक वाटते.

आख्यायिका

सावतोबांविषयीच्या दोन कथा विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली घरगुती आहे. एकदा त्यांचे सासरे व इतर मंडळी घरी आली असता सावतोबा भजनात रंगले होते. त्यांनी पाहुण्यांची विचारपूस केली नाही. जनाई संतापली. सावतोबांनी तिची समजूत घातली आणि पुढे तीही त्यांच्या मार्गाला लागली, असे कथा सांगते. नित्य देवाच्या नादात असणाऱ्या नवऱ्याचा संसार चालविताना जनाईला काय सोसावे लागले असेल, ते कथाकारांनी फारसे विचारात घेतलेले नाही. मळ्याच्या कामातला तिचा वाटा तर त्यांनी सांगितलेलाच नाही. खुरपणी, खुडणी आणि हार गुंफणे ही कामे स्त्रियांच्या हाताशिवाय कोणत्याच काळी झालेली नाहीत.

दुसरी कथा महिपतींनी भक्तविजय या ग्रंथात (१७६२) सांगितली आहे. पैठणचा कूर्मदास हा हातपाय नसलेला भक्त सरपटत पंढरपूरकडे निघाला आणि लऊळ येथे थकून थांबला. त्याला भेटण्यासाठी पांडुरंग ज्ञानदेव व नामदेवांसह निघाले. वाटेत अरण आले. नामदेवांची गंमत करावी म्हणून देव एकटेच सावतोबांच्या मळ्यात शिरले आणि आपल्याला लपव, असे म्हणाले. मळ्यात देवाला लपविण्याजोगी जागा कोणती? सावतोबांनी हातातल्या खुरप्याने आपले पोट चिरले, देवाला आत घेतले आणि वर उपरणे बांधले. नामदेव शोध घेत आले, कासावीस झाले, आणि शेवटी त्यांना पीतांबराचा पदर बाहेर दिसला.

कथेचा ऐतिहासिक अर्थ लावण्याचे कारण नाही. तिच्यातील हत्यार मात्र पाहावे. ज्या खुरप्याने रोज तण निघते, वाफे भुसभुशीत होतात, त्याच खुरप्याने येथे देवासाठी जागा केली जाते. शिवाय कथेतील दिशाही उलटी आहे. भक्त देवाच्या दारी गेलेला नाही. देव कामावर असलेल्या भक्ताकडे आलेला आहे.

समाधी व परंपरा

शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीला (१२ जुलै १२९५) सावतोबांनी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी अरण येथे देह ठेवला. पुढच्याच वर्षी ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, आणि त्याच वर्षी अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली. ज्या राज्याच्या आसऱ्याने पंढरपूर वाढले होते, त्याची अखेर सुरू झाली. अरणचा मळा राजाच्या देणगीवर चालत नव्हता. पुढेही तेथे पीक निघत राहिले असणार.

महाराष्ट्रातील माळी समाजाच्या फुलमाळी, जिरेमाळी, हळदीमाळी अशा पोटशाखा पिकांवरून ओळखल्या जातात. सावतोबांना त्या सर्वच आपले मानतात. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरपासून यवतमाळ आणि अमरावतीपर्यंत त्यांची पुण्यतिथी भजन-कीर्तनाने साजरी होते. आषाढातला हा दिवस पावसाळी पेरण्यांच्या काळात येतो, त्यामुळे गावोगावची मंडळी सकाळचे शेतकाम आटोपून कीर्तनाला बसतात.

अरण येथे त्यांचे समाधिमंदिर आहे. आषाढीला राज्यभरातील संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबांची पालखी जात नाही. आषाढी एकादशीनंतर पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते. त्या वेळी तेथे श्रीफळ हंडीचा उत्सव होतो आणि हंडीतील नारळ प्रसाद म्हणून भाविकांत वाटले जातात.