तंबाखूतल्या विषाने कोंबडीचा पाय आखडला आणि शरीरातल्या कुलपांचा पत्ता लागला

नाग चावला की बऱ्याचदा आधी पापण्या जड होतात, मग बोलणं अडखळतं आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर श्वास थांबतो. मोठ्या ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात. आणि सिगारेटचा झुरका मारला की काही सेकंदांत डोक्याला तरतरी येते.

तीन वेगळ्या गोष्टी. पण तिन्हींचा नेम एकाच जातीच्या कुलपांवर असतो. त्यांना म्हणतात निकोटिनिक ॲसिटिलकोलीन रिसेप्टर. नाव अवघड आहे, पण शरीरात अशी कुलपं असलीच पाहिजेत हे प्रयोग करून सांगणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र अवघड नाही.

त्यांचं नाव जॉन न्यूपोर्ट लँग्ली.

१८५२ साली इंग्लंडमधल्या न्यूबरीत त्यांचा जन्म झाला. १८७१ मध्ये ते केंब्रिजला गेले तेव्हा डोक्यात विज्ञान नव्हतं. गणित, इतिहास असे विषय घेऊन सनदी नोकरी मिळवायची, मग ती इंग्लंडमध्ये असो की हिंदुस्थानात, असा बेत होता. पण तिथे मायकेल फॉस्टर नावाचे प्राध्यापक भेटले. शरीराचं काम कसं चालतं हे ते प्रयोगांतून शिकवायचे. लँग्लींनी वाट बदलली ती कायमचीच.

१८७५ मध्ये फॉस्टर यांनी त्यांच्या हातात दक्षिण अमेरिकेतल्या जॅबोरँडी वनस्पतीचा अर्क दिला आणि याचा परिणाम बघ म्हणून सांगितलं. हा अर्क बेडकाच्या हृदयाचे ठोके मंद करायचा. ॲट्रोपिन दिलं की ठोके पुन्हा वाढायचे. लाळग्रंथींवरही या दोघांची अशीच रस्सीखेच चालायची. १८७८ मध्ये लँग्लींनी अंदाज बांधला की ही दोन्ही रसायनं शरीरातल्या एखाद्या पदार्थाला जाऊन चिकटत असावीत आणि जागा एकच असल्यामुळे त्यांच्यात झटापट होत असावी.

पुढे निकोटिन हे त्यांचं लाडकं हत्यार बनलं.

मेंदू आणि मणक्यातून निघालेले काही मज्जातंतू थेट अवयवाला भिडत नाहीत. वाटेत त्यांची जंक्शनं लागतात. १८८९ मध्ये लँग्ली आणि त्यांचे सहकारी डिकिन्सन यांनी या जंक्शनवर ब्रशने निकोटिन लावलं. जंक्शनच्या अलीकडे विजेचा झटका दिला तर काहीच होईना, पलीकडे दिला तर परिणाम दिसे. म्हणजे निकोटिनने जंक्शनच बंद पाडलं होतं. या युक्तीने त्यांनी आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचा नकाशाच काढला. आज सगळे वापरतात ते 'ऑटोनॉमिक' हे नाव त्यांनीच १८९८ मध्ये दिलं.

पण खरा धमाका झाला १९०५ मध्ये.

तोवर बहुतेकांची समजूत होती की अशी विषं मज्जातंतूच्या टोकावर काम करतात. लँग्लींनी कोंबडीला निकोटिन दिलं. पायाचे स्नायू आखडले. मग त्यांनी मज्जातंतू कापून तो पूर्ण झिजेपर्यंत वाट पाहिली. आता टोकच उरलं नव्हतं, तरी निकोटिनने स्नायू आखडलाच! नंतर त्यांनी क्युरारे दिलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावतात ते हे विष. त्याने निकोटिनचा परिणाम रोखला. पण स्नायूला थेट विजेचा झटका दिला की तो तरीही आकसत होता.

म्हणजे मज्जातंतूचं टोकही नाही आणि स्नायूचं आकसणारं यंत्रही नाही. या दोघांच्या मध्ये, स्नायूपेशीतच, निरोप घेणारं काहीतरी होतं. लँग्लींनी त्याला 'ग्रहण करणारा पदार्थ' म्हटलं. त्याच काळात जर्मनीत पॉल एर्लिख वेगळ्या वाटेने अशाच कल्पनेकडे आले होते. रिसेप्टर हा शब्द त्यांचा.

पण हे कुलूप कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. त्यामुळे शंका घेणारे भरपूर होते. लँग्लींकडे केंब्रिजमध्ये शिकलेले हेन्री डेलही या कल्पनेबद्दल साशंक होते. गंमत म्हणजे १९१४ मध्ये ॲसिटिलकोलीनच्या कामाचे 'मस्कॅरिनिक' आणि 'निकोटिनिक' असे दोन गट डेल यांनीच पाडले. पुढे मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलीनमधूनच, हेही डेल यांच्याच गटाने दाखवलं. १९३६ चं नोबेल डेल आणि ऑटो लोवी यांना मिळालं.

लँग्ली तेव्हा हयात नव्हते. १८९४ पासून 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी' हे नियतकालिक त्यांनी सांभाळलं, इतरांचे लेख कठोरपणे तपासून दिले, आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये केंब्रिजमध्येच त्यांचं निधन झालं. नोबेल त्यांना कधीच मिळालं नाही.

त्यांचं कुलूप हाती लागायला १९७० उजाडलं. पॅरिसमध्ये ज्याँ-पिएर शाँझ्यू यांच्या गटाने ते विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाच्या अवयवातून वेगळं केलं. त्यासाठी गळ म्हणून वापरलं तैवानच्या मण्यारीचं विष, कारण ते या कुलपाला घट्ट चिकटतं.

आज कळतं की हे कुलूप म्हणजे पाच प्रथिनांनी गोल करून बनवलेलं दार आहे. ॲसिटिलकोलीनची किल्ली लागली की ते हजारांश सेकंदांत उघडतं, सोडियम आत शिरतो आणि स्नायू आकसतो. मेंदूत याच जातीची दारं आहेत. तिथे निकोटिन ही डुप्लिकेट किल्ली ठरते. रोज सिगारेट ओढणाऱ्याच्या मेंदूत अशा दारांची संख्या वाढते, आणि सवय सुटत नाही त्याचं हे एक कारण आहे.

मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच या दारांवर हल्ला करते, म्हणून पापण्या गळतात आणि हातपाय थकतात. नागाचं विष या दारात अडकून बसतं. अशा रुग्णाला प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन देतात. ते ॲसिटिलकोलीनला लवकर नष्ट होऊ देत नाही, त्यामुळे जास्त किल्ल्या विषाशी झुंजायला उरतात. एकाच जागेसाठी दोन रसायनांची झटापट. लँग्लींनी तरुणपणी बेडकाच्या हृदयात पाहिलेला हाच हिशोब आज गावाकडच्या दवाखान्यात माणसाचा श्वास चालू ठेवतो.