स्वयंपाकघरातल्या टेबलावरची लेन्स

१९६१ सालच्या नाताळची दुपार. प्राग शहरात घरोघरी सण चाललेला आणि एका घरात अठ्ठेचाळीस वर्षांचे एक रसायनशास्त्रज्ञ स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलांचं खेळणं मांडून बसलेले. मेर्कुर हा तिकडचा मेकॅनो. तशाच भोकांच्या पट्ट्या, तशीच चाकं, तसेच स्क्रू. त्याला मुलाच्या सायकलचा डायनॅमो आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्स्फॉर्मर जोडलेला. गरगर फिरणाऱ्या छोट्याशा साच्यात ते काचेच्या नळीने द्रव सोडत होते आणि पत्नी लिंडा हाताशी होती. संध्याकाळपर्यंत साच्यातून ज्या चकत्या निघाल्या, त्या डोळ्यांत घालण्याजोग्या मऊ लेन्स होत्या. या गृहस्थांचं नाव ओटो विख्तर्ले.

मोराव्हियातल्या प्रोस्त्येयोव गावी २७ ऑक्टोबर १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शेतीची यंत्रं आणि मोटारी बनवणाऱ्या कारखान्याचे भागीदार. मुलाने मात्र रसायनशास्त्राची वाट धरली. १९३९ साली जर्मनांनी चेक विद्यापीठांना टाळं ठोकलं, तेव्हा हे झ्लीनच्या बाटा कंपनीच्या संशोधन विभागात दाखल झाले. होय, तीच बाटा! शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात जिच्या दुकानात आपण मुलांना घेऊन जात असू, तिचं मूळ गाव हे. तिथे विख्तर्ल्यांनी नायलॉनच्या जातीचा धागा तयार केला. पुढे तो सिलोन या नावाने चेकोस्लोव्हाकियात घराघरांत पोचला. १९४२ साली गेस्टापोने त्यांना काही महिने तुरुंगात डांबलं. इतकं होऊनही युद्ध संपताच गृहस्थ पुन्हा शिकवायला हजर.

मऊ लेन्सची गोष्ट आगगाडीत सुरू झाली. १९५२ साली ओलोमोउत्सहून प्रागला जाताना शेजारचा प्रवासी डोळ्यांत बसवायच्या धातूच्या भागांविषयी एक लेख वाचत होता. दोघांचं बोलणं निघालं. डोळ्यासारख्या नाजूक जागी धातू कशाला, पाणी पिणारं मऊ प्लॅस्टिक का नको, हा विचार विख्तर्ल्यांच्या डोक्यात तिथेच शिरला. द्राहोस्लाव लीम या तरुण सहकाऱ्याने तसा पदार्थ तयारही केला. पण त्याची लेन्स ओतायची कशी? बंद साच्यातून काढताना कडा फाटत. १९५८ साली राजकीय साफसफाईत प्राध्यापकी गेली. पुढे सरकारी खात्याने लेन्सच्या प्रयोगांतून अंग काढून घेतलं, तेव्हा त्यांनी ते काम घरी आणलं. साचा फिरता ठेवला की द्रव आपोआप वाटीसारखा आकार धरतो आणि फिरता फिरताच घट्ट होतो, अशी ती युक्ती. पुढे डायनॅमोचा जोर पुरेना म्हणून ग्रामोफोनची मोटर आली. १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत नवराबायकोने घरच्या घरी ५,५०० लेन्स काढल्या!

बँकेत माझी बरीच वर्षं कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. त्यामुळे पुढचा भाग वाचताना माझा हात नकळत लाल पेन्सिलीकडे जातो. १९६५ साली या लेन्सचे अमेरिकेतले हक्क तिथल्या एका पेटंट कंपनीकडे गेले, तिच्याकडून बॉश अँड लॉम्बकडे, आणि १९७१ साली अमेरिकी सरकारची परवानगी मिळून धंदा जोरात सुरू झाला. त्या उलाढालीपुढे शोधकर्त्याच्या पदरी पडलं ते किरकोळच. मधल्या काळात, १९६८ साली, विख्तर्ल्यांनी ‘दोन हजार शब्द’ या प्रसिद्ध जाहीरनाम्यावर सही केली होती. रशियन रणगाडे आल्यावर त्या सहीची किंमत वसूल झाली. संस्थेचं संचालकपद गेलं, परदेशी संबंध तुटले, शिकवण्यावर बंधनं आली. लेन्स मात्र जगभर फिरत होती.

ती आमच्या घरातही आली. माझी भाची बारावीत असल्यापासून लेन्स लावते. सोडावॉटरच्या बाटलीसारखा चष्मा तिला नको होता, आणि तिचा काय दोष, मुलींना चष्म्यावरून टोमणे मारणारे आपणच. सकाळी सातला घातलेल्या लेन्स रात्री अकराला निघत. रात्रीच्या बसमध्ये तर निघतही नसत. आता तिशीत लेझरने नंबर घालवून टाकावा असं तिच्या मनाने घेतलं आणि सोबतीला मामाला नेलं.

डॉक्टरांनी मशिनवर तपासलं आणि आधी लेन्स बंद करा म्हणून सांगितलं. कारण असं, की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत. विख्तर्ल्यांचं मूळ प्लॅस्टिक पाणी पीत असे, पण प्राणवायू बेताचाच सोडी. सिलिकॉन घातलेल्या, जास्त हवा सोडणाऱ्या लेन्स १९९९ च्या सुमारास बाजारात आल्या. तरी झोपेतही लेन्स डोळ्यांवर ठेवणं जोखमीचंच राहिलं. वर्षानुवर्षं गुदमरलेला पडदा सुजतो, त्याचा आकार बदलतो, कडेने बारीक रक्तवाहिन्या आत शिरू लागतात, डोळे कोरडे पडतात. लेझर चालतो तो पडद्याच्या नकाशाबरहुकूम. नकाशाच दबलेल्या पडद्याचा असेल तर सगळंच चुकलं. खोट्या सातबाऱ्यावर कर्ज मंजूर करण्यापैकी हा प्रकार. पडद्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि कोरून झाल्यावरही पुरेसा थर शिल्लक राहायला हवा. म्हणून मऊ लेन्स निदान आठवडा-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवतात, आणि मोजमाप जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासतात.

भाचीचं मोजमाप तिसऱ्या खेपेला जुळलं. जाडीही पुरेशी निघाली. पण अश्रू कमी. डॉक्टर म्हणाले, आधी कोरडेपणावर उपचार करू, मग बघू. होईलच असं वचन मी देत नाही. ती सध्या तोच जाड चष्मा लावून कचेरीत जाते. निर्णय अजून लागायचा आहे.

गंमत म्हणजे या लेझरची पहिली परीक्षाही सणाच्या जेवणावरच झाली. आयबीएमच्या प्रयोगशाळेतले आपले मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी घरची उरलेली टर्की नेली आणि तिच्यावर एक्सायमर लेझर चालवून पाहिला. कापलं ते स्वच्छ, आजूबाजूला भाजल्याची खूण नाही. विख्तर्ल्यांच्या नाताळनंतर याला जवळजवळ वीस वर्षं झाली होती!

१९८९ साली प्रागमधली राजवट कोसळली. ज्या विज्ञान अकादमीत त्यांना वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसवलं होतं, तिचेच ते १९९० साली अध्यक्ष झाले, वय शहात्तर. १९९३ साली एका लघुग्रहाला त्यांचं नाव देण्यात आलं. १८ ऑगस्ट १९९८ रोजी स्त्राझिस्को गावी, जन्मगावापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, ते वारले. तोवर जगभर कोट्यवधी माणसं रोज सकाळी आरशापुढे उभी राहून लेन्स डोळ्यांत घालत होती.