विश्लेषण : ‘ड्युशेन’ हे नाव कोणाचे? नेमणूक नसलेल्या डॉक्टरने स्नायूंचा आजार कसा उलगडला?

चार-पाच वर्षांचा मुलगा. पोटऱ्या भरदार, पण जिना चढताना त्रास होतो. जमिनीवरून उठताना तो स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येतो. ही ‘ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ची ठळक लक्षणे. आजाराला ज्यांचे नाव मिळाले, ते गिओम ड्युशेन फ्रेंच डॉक्टर होते.

कोण होते ड्युशेन?

फ्रान्समधील बुलोन या बंदराच्या गावी, दर्यावर्दी घराण्यात १८०६ मध्ये त्यांचा जन्म झाला. पॅरिसमध्ये शिकून १८३१ मध्ये ते गावी परतले. दोनच वर्षांत बाळंतपणानंतर पत्नी गेली, पुढे मुलगाही दुरावला. १८४२ मध्ये त्यांनी पुन्हा पॅरिस गाठले. तेथे ना रुग्णालयात नेमणूक, ना विद्यापीठात पद. विजेचे यंत्र घेऊन ते वेगवेगळ्या रुग्णालयांच्या वॉर्डांत फिरत आणि मिळेल तो रुग्ण बारकाईने तपासत. न्यूरोलॉजीतील दिग्गज शार्को यांनी मात्र पुढे त्यांना गुरू मानले.

विजेने काय साधले?

कातडी न कापता, ओले इलेक्ट्रोड ठेवून ते एकेक स्नायू आकुंचित करत. कोणता स्नायू नेमके काय काम करतो, हे त्यातून कळू लागले. १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरील त्यांचे पुस्तक छायाचित्रांसह आले. मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, हे त्यांनी दाखवले. त्यांची छायाचित्रे १८७२ मध्ये डार्विन यांनीही वापरली. आज बहुतेकांना ड्युशेन ठाऊक असतात ते या हसण्यामुळेच!

स्वतःचीच चूक कशी सुधारली?

खरे मोठे काम वेगळे आहे. १८६१ मध्ये अशा मुलाची नोंद करताना दोष मेंदूत असल्याचे ड्युशेन यांनी लिहिले होते. हे ताडून पाहायचे कसे? तोवर स्नायूचा आतला भाग बहुधा मृत्यूनंतरच तपासला जाई. ड्युशेन यांनी खास सुई बनवली आणि जिवंत रुग्णाच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. यावर टीकाही झाली. पण फुगलेल्या पोटरीत ताकदीचा स्नायू नव्हे, तर चरबी आणि तंतुमय ऊती वाढल्याचे दिसले. १८६८ मध्ये १३ रुग्णांच्या आधारे त्यांनी हा आजार स्नायूंचाच असल्याचे मांडले. आजच्या मसल बायोप्सीची सुरुवात इथे आहे.

लंडनचे डॉक्टर एडवर्ड मेरियन यांनी १८५२ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते. नाव मात्र ड्युशेन यांचे टिकले, हे थोडे अन्यायाचेच.

१८७५ मध्ये ड्युशेन यांचे निधन झाले. दोष ‘डिस्ट्रोफिन’ या प्रथिनात आहे, हे १९८७ मध्ये कळले. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार प्रामुख्याने मुलांना होतो. स्टिरॉइड आणि फिजिओथेरपीने त्याचा वेग कमी करता येतो. पूर्ण बरा करणारा उपचार अजून नाही.