बर्झेलियसचा तराजू

बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावातील शाळेतही विज्ञानाच्या तासाला मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवितात. डोळे दिपविणारा प्रकाश पडतो आणि पांढरी राख उरते. ती सारी गोळा केली तर मूळ फितीपेक्षा जड भरते, हे मात्र क्वचितच तोलून पाहिले जाते. वास्तविक, धातूची ओळख त्या वाढलेल्या वजनातच दडलेली असते. हे वजन मोजण्यात ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, तो स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ याकोब बर्झेलियस होय. फळ्यावर लिहिली जाणारी मूलद्रव्यांची अक्षरचिन्हेही त्याचीच देणगी.

२० ऑगस्ट १७७९ रोजी जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांना पारखा झाला आणि सावत्र वडील व नातलगांच्या आश्रयाने वाढला. उप्साला येथे त्याने वैद्यकाची पदवी मिळविली. मन मात्र रसायनांत रमले. स्टॉकहोममधील त्याच्या प्रयोगशाळेत भट्टी नव्हती, पाण्याचा नळ नव्हता. शेजारच्या स्वयंपाकघरात जेवण रांधणारी बाईच काचपात्रे धुई. अशा संसारात त्याने सुमारे २,००० संयुगांचा अभ्यास केला आणि १८१८ मध्ये अणुभारांचे विस्तृत कोष्टक प्रसिद्ध केले. प्राणवायूचा भार १०० धरून इतरांचे भार त्याने त्याच्याशी ताडले होते.

या पद्धतीत एक खोच आहे. समजा, २.४ ग्रॅम अज्ञात धातू जाळल्यावर ४ ग्रॅम भस्म झाले, म्हणजे १.६ ग्रॅम प्राणवायू लागला. ८ भाग प्राणवायूस १२ भाग धातू, एवढेच तराजू सांगतो. धातूची संयुजा २ असेल तर अणुभार २४, म्हणजे मॅग्नेशियम. ४ असेल तर ४८, म्हणजे टिटॅनियम! तराजू खोटे बोलत नाही, पण पुरते सत्यही सांगत नाही. बर्झेलियस येथेच फसला. बहुतेक धातूंच्या भस्मांत प्राणवायूचे दोन अणू असावेत, असे त्याने गृहीत धरले आणि लोखंड, तांबे, जस्त यांचे भार दुप्पट झाले. १८१९ मध्ये ड्यूलाँ आणि पेती यांनी धातू तापण्यास लागणारी उष्णता व अणुभार यांचे नाते दाखविले; मिचरलिखच्या स्फटिकांनी दुसरी साक्ष दिली. बर्झेलियसने १८२६ मध्ये आपले आकडे निम्म्यावर आणले. सोडियम आणि चांदी तेव्हाही दुप्पटच राहिली, हेही नोंदविले पाहिजे.

सोनाराच्या फुंकणीसारखी नळी आणि टाकणखाराचा मणी एवढ्या साधनांनी खनिजे ओळखण्यात तो निष्णात होता. प्राणवायूयुक्त ज्वाळेत मँगॅनीजचा मणी जांभळा होतो. या विषयावर त्याने १८२० मध्ये ग्रंथही लिहिला. तरीही त्याची फसगत झालीच. १८१५ मध्ये एका खनिजात नव्या धातूचे भस्म सापडले, अशा समजाने त्याने त्यास थॉर या देवाचे नाव दिले. दहा वर्षांनी ते यिट्रियमचे फॉस्फेट निघाले आणि आपला दावा चुकीचा होता हे त्याने स्वतःच जाहीर केले. कीर्ती शिखरावर असताना हे करणे सोपे नव्हते. पुढे नॉर्वेहून आलेल्या काळ्या खनिजात १८२९ मध्ये त्याला खरोखरच नवा धातू गवसला. मोकळे पडलेले ते जुने नाव त्याने त्यालाच दिले. तेच थोरियम केरळच्या किनाऱ्यावरील वाळूतही आढळते.

७ ऑगस्ट १८४८ रोजी स्टॉकहोम येथे त्याचे निधन झाले.