रेव्हरंड ना. वा. टिळक

आपल्या पिढीला टिळक भेटले ते पाठ्यपुस्तकात, ‘केवढे हे क्रौर्य’मधल्या जखमी पक्षिणीपाशी. ती कविता म्हणताना आमच्या गुरुजींचा आवाज जड व्हायचा. कवी पाळक होता, हे मात्र बऱ्याच जणांना नंतर कळले.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. प्राथमिक शिक्षण कल्याणला, म्हणजे आपल्या कर्जतहून लोकलने तासाभरावर. पुढे नाशिकला संस्कृत काव्य शिकले. शिक्षकी केली, छापखान्यात खिळेही जुळवले. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांनी त्या परतल्या, १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. पण मधल्या काळाचा हिशेब कोण मांडणार? ‘स्मृतिचित्रे’ वाचावी.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी मोठे काम केले ते गाण्याचे. विलायती चालींत कोंबलेले मराठी शब्द त्यांना रुचत नसत. त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन चर्चमध्ये आणले, शंभराहून अधिक गीते रचली. आजही मराठी चर्चमधली गायकमंडळी नाताळात टाळ-पेटी घेऊन बसतात, त्यामागे ही खटपट आहे.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.