पाचशे रुपयांचे घर

बँकेत असताना मी घरदुरुस्तीची किती तरी कर्जे मंजूर केली. निवृत्तीनंतर स्वतःच्या फ्लॅटचे अंदाजपत्रक पाहून मात्र झोपच उडाली. त्याच दिवसांत भंडाऱ्याहून सेवाग्रामला जाणे झाले.

१८६९ साली पोरबंदरला जन्मलेले, विलायतेत बॅरिस्टर झालेले गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले. खर्च ५०० रुपयांच्या आत, सामान अन् कारागीर गावचेच, ही त्यांची अट. माती, बांबू, कवेलू, झाले घर! पुढे मीराबेनची झोपडी वाढवून तीच बापूकुटी झाली. १९४६ ला ते गेले, ते परतलेच नाहीत. १९४८ ला दिल्लीत हत्या झाली. कुटी उभी आहे.

घरी येऊन मी फॉल्स सीलिंग खोडले. गळती तेवढी काढली. कर्ज लागले नाही.