कापसाचा पैसा, विद्येचा मनोरा

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील आवारात उभा असलेला राजाबाई टॉवर मुंबईचे वैभव म्हणून ओळखला जातो. पण त्याच्या पायाशी वऱ्हाडच्या काळ्या मातीचाही थोडा अंश आहे, हे अमरावती-अकोल्याच्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. हा मनोरा ज्यांनी आपल्या आईच्या नावे बांधवला, त्या शेठ प्रेमचंद रायचंद यांचे चरित्र म्हणजे कापसाच्याच चढउताराची कहाणी आहे.

१८३१ साली सुरतेच्या एका जैन कुटुंबात प्रेमचंद जन्मले. मुंबईत त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले आणि ऐन विशीत ते दलालीच्या धंद्यात शिरले. इंग्रजी लिहू-बोलू शकणारा देशी दलाल त्या काळी दुर्मीळच होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साऱ्यांचे डोळे हिंदुस्थानकडे वळले. वऱ्हाडातही कापसाला अभूतपूर्व भाव आला. नागपूरपर्यंतची रेल्वे पुरी व्हायला १८६७ साल उजाडले. तोवर गाड्याच्या गाड्या लोहमार्गाच्या टोकाकडे चालत होत्या आणि तेथून माल मुंबईच्या बंदरात जाऊन जहाजांवर चढत होता.

या पैशाचा पूर मुंबईत आला. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचे भाग मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. या साऱ्या व्यवहारांच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. १८६४ मध्ये, वैभवाच्या शिखरावर असताना, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. विद्यापीठाला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. मातोश्री राजाबाई दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ त्यांना ठोक्यांवरून कळावी म्हणून घड्याळ बसवले, अशी आख्यायिका आहे.

१८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले आणि कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली, तेव्हा मुंबईचे अनेक धनिक रस्त्यावर आले. प्रेमचंदही बुडाले. त्यांच्या वजनामुळे बँक ऑफ बॉम्बेने भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली होती. भांडवलाचा बहुतेक भाग गमावून ती बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. ज्याने आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद तपासले, त्याला हे प्रकरण वाचताना आजही अस्वस्थ वाटते. तारण म्हणून ठेवलेला कागद फुगलेल्या भावानेच मोजला, तर ते तारण उरतच नाही. त्या बँकेत ठेवी ठेवणाऱ्यांचा आणि भाव पडल्यावर हातात कापूस घेऊन बसलेल्या शेतकऱ्याचा यात काय दोष होता?

म्हणूनच प्रेमचंदांना नुसते दानशूर म्हणून हात जोडणे पुरेसे नाही, आणि नुसते सट्टेबाज म्हणून मोडीत काढणेही न्यायाचे नाही. विद्यापीठाला दिलेली रक्कम शाबूत राहिली. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फुटी मनोरा पुरा झाला. खर्च सुमारे साडेपाच लाखांवर गेला. कलकत्ता विद्यापीठातही त्यांच्या देणगीतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि पुढे आशुतोष मुखर्जींसारखा विद्वान तिचा मानकरी ठरला. प्रेमचंद स्वतः पुन्हा दलालीकडे वळले, शेअर बाजाराच्या पायाभरणीत त्यांचा हात होता. पूर्वीचे ऐश्वर्य मात्र परतले नाही. १९०६ मध्ये ते वारले.

वऱ्हाडला त्यातून काय मिळाले? अमरावतीचे नाव देशभर नेणारे रंगनाथ मुधोळकर आणि दादासाहेब खापर्डे मुंबईतच शिकले. पण नागपूरला विद्यापीठ यायला १९२३, अकोल्याला कृषी विद्यापीठ यायला १९६९ आणि अमरावतीला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९८३ साल उजाडले. कापूस इथून गेला तेव्हा त्याला रेल्वेचीही वाट पाहावी लागली नाही. विद्येला मात्र उलट वाटेने इथवर यायला शंभरावर वर्षे लागली.